लाइफटाइम लायसन्सच्या नावाखाली माझे 1,53,160 रुपये गेले, ऑनलाइन दुकान काढणाऱ्यांनी वाचा

लिहू की नको यात दोन महिने गेले. घरात अजून सासूबाईंना पूर्ण आकडा माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका ताईंनी विचारलं की पापडांसाठी वेबसाइट करायची आहे, एक जण लाइफटाइम सॉफ्टवेअर देतोय, घेऊ का, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणून लिहिते.

मी परळला राहते, चाळीत. मालवणी मसाला, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी असं घरून करते. मिरची लालबागची, कांडपही तिथेच उभं राहून करून घेते. 11 वर्षं सगळ्या ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, पण दिवाळीत 200-200 मेसेज यायला लागले, कोणाचे पैसे आले कोणाचे नाही काही कळेना, म्हणून ठरवलं की आता शॉपिंग कार्टवालं दुकान पाहिजे, लोक स्वतः टाकतील, पैसे भरतील, मला फक्त पुड्या भरायच्या.

आणि मी आंधळेपणाने नाही गेले हो. लग्नाआधी आणि नंतर मिळून 9 वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय. तिघांकडून कोटेशन घेतलं. एक, शॉपिफायसारखं दर महिन्याला भाडं भरायचं. दुसरा आमच्याच विभागातला एक मुलगा, त्याने 18,000 सांगितले आणि सरळ म्हणाला, काकू सॉफ्टवेअर फुकट असतं, वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट करायचं सॉफ्टवेअर, त्यावर वूकॉमर्स म्हणजे दुकानाचा भाग टाकतो, हे पैसे माझ्या मेहनतीचे, होस्टिंगचे म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे वेगळे. तिसरा हा, अंधेरीला ऑफिस सांगणारा. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको सांगितलंय.

त्याने काय सांगितलं माहितीये? "मॅडम, भाड्याच्या खोलीत किती वर्षं राहणार? आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, एकदा घ्या, ओनरशिप तुमची." पागडीच्या खोलीत जन्म गेलेल्या बाईला ओनरशिप म्हटल्यावर काय होतं ते मुंबईत राहणाऱ्यालाच कळेल. आणि त्या मुलाचं फुकटातलं सॉफ्टवेअर म्हणजे कच्चं काम, असं मला वाटलं. त्याला मी फोनवर नकार कळवला. खरं बोलणारा तो एकटाच होता.

फेब्रुवारी 2025 मध्ये 65,000 लायसन्सचे, त्यावर 18 टक्के जीएसटी 11,700, असे 76,700 दिले. मग पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सोय, ती जोडायचे 12,000. मग एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे ते कुलूप दिसतं ना अ‍ॅड्रेसच्या बाजूला, त्याचे 8,500. हे सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले आपणहून लावून देतात, हे मला ऑक्टोबरात कळलं. त्यानंतर मार्च ते सप्टेंबर मेंटेनन्सचे महिन्याला 2,500, सात महिन्यांचे 17,500.

आता तो क्षण सांगते, कारण रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. दादरला एका हॉटेलात बसून त्याने डेमो दाखवला. मी माझ्याच फोनवरून अर्धा किलो मालवणी मसाल्याची टेस्ट ऑर्डर टाकली. लगेच मेल आला, वर जांभळी पट्टी, खाली ऑर्डरचा तक्ता, आणि अगदी तळाला करड्या बारीक अक्षरात एक ओळ, बिल्ट विथ वूकॉमर्स. मी वाचली. मोठ्याने वाचली! विचारलं पण, हे तर त्या दुसऱ्या मुलाने सांगितलेलं नाव ना? तो हसला, म्हणाला "मॅडम ते फक्त मेल पाठवायचं इंजिन आहे, आतलं सगळं आमचं." चहा आला, विषय बदलला. दुसऱ्या दिवशी परत टेस्ट ऑर्डर टाकली तर मेलमध्ये ती ओळ नव्हती. आणि मला काय वाटावं, तर बघा किती तत्पर माणूस आहे, लगेच दुरुस्त केलं. ती ओळ रातोरात का पुसली, एवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर तिथेच उठले असते. तोपर्यंत फक्त 10,000 टोकन गेलं होतं.

म्हणजे 18,000 मध्ये तो मुलगा जे उघड सांगून देत होता, तेच याने नाव पुसून मला 65,000 ला लायसन्स म्हणून विकलं. वूकॉमर्स 2011 पासून फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोणीही वापरावं. मेहनतीचे पैसे घ्या, हवे तेवढे घ्या, पण जे तुमचं नाही त्याची मालकी कशी विकता?

बिलाचंही तेच. नाव प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटी नंबरमध्ये तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं पॅन असतो, आणि पॅन कोणाचा ते त्याच्या चौथ्या अक्षरावरून कळतं, म्हणजे कंपनी असेल तर जीएसटी नंबरचं सहावं अक्षर सी पाहिजे. तिथे पी होतं, म्हणजे एका व्यक्तीचा पॅन. मी हे शंभर वेळा दुसऱ्यांच्या बिलांवर पकडलंय. स्वतःच्या बिलावर बघितलं नाही, कारण घाई होती, मार्चपासून मसाल्याचा सीझन. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की दोन मिनिटांत नाव दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. टाका. पैसे द्यायच्या आधी टाका.

सहा महिने नीट चाललं म्हणून संशय आला नाही. गेटवे त्याने स्वतःच्या खात्यावर घेतला होता, म्हणाला तुमचं केवायसी व्हायला वेळ लागेल, तोवर माझ्यावर चालवू, दर शुक्रवारी हिशोब. दर शुक्रवारी यायचे पण. 26 सप्टेंबरला शेवटचे आले. 3 ऑक्टोबरला नाही, 10 ला नाही, आणि तेव्हाच दिवाळीच्या भाजणीच्या ऑर्डरी सुरू झालेल्या. ज्यांचे मेल मला आले अशा 31 ऑर्डरींची बेरीज 38,460. माल मी सगळ्यांना पाठवला, पैसे त्याच्याकडे.

13 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आधीच्या सोमवारी, ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा फोन, "अहो तुमचं मेतकूट उघडायला गेले तर रमीची जाहिरात येतेय." मी हातातली चाळण ठेवून फोनवर बघितलं, खरंच. त्याचा फोन बंद. वाशीहून भाचा आला, लॅपटॉपवर पानाचा कोड उघडला आणि बोट ठेवून दाखवलं, प्रत्येक ओळीत वर्डप्रेस आणि वूकॉमर्स. जे दोन-तीन प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, खरंच विकत घ्यावे लागतात ते याने चोरीचे टाकलेले, असल्या फाइलींतूनच बऱ्याचदा हे रमीबिमीचं घुसतं म्हणे. 16 तारखेला साइटच गेली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, बघितलं तर ते पण त्याच्या नावावर. माझ्या दुकानाचं नाव, पुडीवर छापलेलं, त्याच्या मालकीचं! नंतर दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला त्याने, डोमेन पाहिजे तर 40,000 द्या.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथे पैसे अडवता येतात ते फसल्याबरोबर कळवलं तर, माझे आठ महिने होऊन गेलेले. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. मग पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर. साहेब म्हणाले, साइट बनवून दिली ना? चालली ना सहा महिने? पैसे तुम्हीच दिले ना? मग फसवणूक कुठे, हे सिव्हिल आहे, कोर्टात जा. मी म्हटलं खोटं बिल आहे, खोटी कंपनी आहे, माझ्या गिऱ्हाइकांचे पैसे त्याच्या खात्यात आहेत, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? तर मला विचारतात, घरी मिस्टर नाहीत का, त्यांना पाठवा. धंदा माझा, पैसे माझे, बिलं माझ्या नावाची, आणि बोलायला मिस्टर पाहिजेत! दुसऱ्यांदा गेले तर सायबरकडे जा, सायबरवाल्यांनी परत हद्दीच्या ठाण्यात पाठवलं, हद्दीवाले म्हणाले ऑफिस अंधेरीला ना, मग तिकडे जा. झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, हद्द न बघता नोंदवायची असते, हे मी सांगितलं तर वकील आणा म्हणाले. दिवाळीच्या आठवड्यात, ज्या दिवसांत माझी वर्षाची निम्मी कमाई होते, मी फाइल घेऊन बेस्टच्या बसमधून फिरतेय. शेवटी अर्जावर पोच घेतली, शिक्क्यासकट. पोच घेतल्याशिवाय हलू नका, तोंडी "बघतो" याला काही अर्थ नाही.

ग्राहक तक्रारीला गेले तर तिथला माणूस म्हणाला, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. चूक. 2019 च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणारा ग्राहक धरला जातो. वकिलांनी तेच लिहून केस टाकली आहे.

डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या, दुसऱ्याला फक्त लॉगिन द्या. गेटवेचं केवायसी तुमच्या पॅनवर आणि पैसे थेट तुमच्या बँकेत, आठवडाभर थांबावं लागलं तरी थांबा. "आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर" म्हणणाऱ्याला विचारा, उद्या तुम्ही नसलात तर दुसरा माणूस हे चालवू शकेल का, आणि ऑर्डरी, गिऱ्हाइकांची यादी मला एक्सेल फाइलमध्ये काढून दाखवा, आत्ता, समोर. महिन्याचं भाडं घेणारेही वाईट नाहीत, काय घेतात ते लिहून तरी देतात.

नवीन साइट त्याच मुलाने केली, 18,000 मध्ये. मी काही बोलायच्या आत म्हणाला, काकू जाऊ दे.

एक राहिलं. 13 ते 16 ऑक्टोबर ज्यांनी ऑर्डर टाकली त्यांचे मेल मला आलेच नाहीत, सगळं त्याच्या सर्व्हरवर होतं, किती जण आहेत तेही माहीत नाही. तुम्ही त्यातले असाल तर पुडीवरचा फोन नंबर जुनाच आहे. पैसे भरल्याचा मेसेज दाखवा, भाजणी माझ्याकडून पाठवते.