लीड, बोल्डरिंग की स्पीड? वाढत्या वयाच्या क्लायंबरसाठी निवड

मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे, कृत्रिम भिंतीवर चांगली रुळली आहे, जिल्ह्याबाहेरच्या एक-दोन स्पर्धा झाल्या आहेत आणि आता प्रशिक्षक विचारतात, "हिला नेमकं कशात उतरवायचं?" हा प्रश्न आता जास्त घाईने विचारला जातो. टोकियो ऑलिंपिकमध्ये क्लायंबिंगचे तिन्ही प्रकार (लीड म्हणजे दोर बांधून उंच भिंतीवर जमेल तितकं वर जाणं, बोल्डरिंग म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराशिवाय छोटी पण अवघड चढाई, स्पीड म्हणजे ठरलेली भिंत कमीत कमी वेळात चढणं) मिळून एकच पदक होतं. पॅरिसला २०२४ मध्ये स्पीड वेगळं झालं. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये लीड, बोल्डरिंग आणि स्पीड या तिघांची पदकं स्वतंत्र असतील. मग आत्तापासूनच एक प्रकार धरावा, असं पालकांना वाटणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगतो. सोळाव्या वर्षापर्यंत पाया लीडचा असावा आणि त्याच्या जोडीला बोल्डरिंग भरपूर करावं. स्पीड मुख्य प्रकार म्हणून त्याच मुलांनी घ्यावं, ज्यांच्या पायांत मुळातच उसळी आहे.

तिन्ही प्रकारांना लागणारी शरीरं किती वेगळी असतात, हे टोकियोच्या अंतिम फेरीत स्पष्ट दिसलं. पोलंडची अलेक्झांड्रा मिरोस्लाव ६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम करत स्पीडमध्ये पहिली आली, पण बोल्डरिंग आणि लीड दोन्हींत आठ जणींत आठवी राहिली. तिथे तिन्ही क्रमांकांचा गुणाकार होई आणि तो जितका कमी तितकं स्थान वरचं; तिचा गुणाकार ६४ झाला आणि ती चौथ्या स्थानावर थांबली. पुरुषांमध्ये स्पेनचा अठरा वर्षांचा अल्बेर्तो खिनेस लोपेझ मुळात लीडचा खेळाडू. त्याने स्पीडमध्ये अनपेक्षितपणे पहिला क्रमांक काढला. बोल्डरिंगमध्ये सातवा आणि लीडमध्ये चौथा असूनही गुणाकार २८ वरच राहिला आणि सुवर्ण त्याचंच. लीडचा मुलगा स्पीडमध्ये तग धरू शकला. उलट्या दिशेचा प्रवास मात्र फार कठीण आहे, कारण बोटांची ताकद आणि हातांचा दम मिळवायला वर्षं लागतात.

स्पीडची भिंत १५ मीटरची, पाच अंश पुढे झुकलेली. जगभर रूट (चढायचा मार्ग) एकच आणि होल्डही (भिंतीवरचे पकडायचे उंचवटे) तेच. पॅरिसला इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्दोने ती ४.७५ सेकंदांत पार करून सुवर्ण जिंकलं. अमेरिकेच्या सॅम वॉटसनने ४.७४ चा विश्वविक्रम केला, पण त्याच्या वाट्याला कांस्य आलं. इतक्या कमी वेळात स्नायू श्वासावर चालत नाहीत, आत साठलेल्या तत्काळ ऊर्जेवर चालतात. मांड्या, पोटऱ्या आणि नितंबांची उसळी, खांद्यांचा झटका, आवाजाला मिळणारा प्रतिसाद आणि हजारो वेळा घोटलेला तोच क्रम, हे स्पीडचं भांडवल. होल्ड मोठे असल्याने बोटांवर ताण तुलनेने कमी येतो. उंच उडीत किंवा शंभर मीटर धावण्यात वर्गात पुढे असलेल्या मुलाला इथे वाव आहे. पण रोज तीच एक चाल घोटताना भिंत वाचण्याची सवय लागत नाही, आणि लहान वयात ती सवय मला वेळेपेक्षा मोलाची वाटते.

बोल्डरिंगमध्ये दोर नसतो. खाली मॅट, भिंत साधारण चार-साडेचार मीटर उंच आणि अंतिम फेरीत एका प्रॉब्लेमला (बोल्डरिंगमधला एक आखलेला छोटा मार्ग) चार मिनिटं. एकेक प्रयत्न बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतो, पण त्या वेळात शरीराकडून जवळजवळ सगळी ताकद मागितली जाते. इथे नुसतं बळ पुरत नाही. ते क्षणात लागावं लागतं, कारण उडी मारून होल्ड पकडताना बोटांना आवळायला सेकंदाचा छोटासा तुकडाच मिळतो. शिवाय आजच्या स्पर्धांतले प्रॉब्लेम धावून झेप घेण्याकडे झुकले आहेत. पॅरिसमध्ये जपानची १५४ सेंटिमीटर उंचीची आई मोरी पहिल्या प्रॉब्लेमच्या सुरुवातीच्या होल्डपर्यंतच पोहोचू शकली नाही आणि तिथे शून्यावर राहिली. त्यानंतर लीडमध्ये तिने ९६.१ गुण मिळवले, अंतिम फेरीत सर्वांत जास्त. एकूण क्रमांक मात्र चौथा. तुमची मुलगी बुटकी असेल तर यातून तिने बोल्डरिंग सोडावं असा अर्थ काढू नका. उडीचा सराव तिने इतरांपेक्षा आधी आणि जास्त करावा, एवढंच मी म्हणेन.

लीडची परीक्षा संथ आणि निष्ठुर असते. सहा मिनिटं, एकच प्रयत्न. पडलात की संपलं. होल्ड घट्ट धरला की हाताच्या पुढच्या भागातले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो. मग हात 'पंप' होतात, बोटं आपोआप उघडू लागतात. दोन होल्डांच्या मधल्या क्षणात, हात झटकताना, ज्याच्या स्नायूंत ऑक्सिजन लवकर परत येतो तोच वर जातो. म्हणून धावण्याचा दम उत्तम असलेली मुलंही लीडमध्ये हमखास चमकतील असं नाही. दम हातांत लागतो, आणि तो सोप्या रूटवर खाली न उतरता बराच वेळ चढत राहिल्याने वाढतो. वाढत्या शरीरासाठी हा सराव बोल्डरिंगच्या मानाने सौम्य आहे. लीडला पाया म्हणण्याचं माझं मुख्य कारण हेच.

कारण खरा धोका बोटांत आहे. मोठ्या माणसाच्या बोटात आधी दुखावतात त्या कंडरांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. वाढत्या मुलाच्या बोटात सर्वांत कच्चा दुवा असतो हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती. छोट्या कडा बोटं दुमडून धरत राहिलं, कॅम्पस बोर्डवर (आडव्या पट्ट्यांच्या सरावाच्या फळीवर) पाय न टेकता, फक्त हातांनी उड्या मारल्या, तर त्या चकतीला हळूहळू तडा जातो. बहुतेकदा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याला, आणि बहुतेकदा उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. मुलींमध्ये हा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्याच्या. सांध्याच्या वरच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, तर ते 'स्नायू दुखतायत' म्हणून सोडून देऊ नका. चढणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढा. वेळेत थांबलं तर बोट बहुधा पूर्ण बरं होतं. दुर्लक्ष केलं तर ते कायमचं वाकडं किंवा ताठ राहू शकतं.

दर महिन्याला एकाच दिवशी उंची मोजून वहीत लिहा. वेग अचानक वाढला की बोर्डवरचा सराव बंद, छोट्या कडा कमी, आणि तो वेळ उड्या, पोटाचे व्यायाम, लवचिकता आणि मोठ्या होल्डवरच्या चढाईला. जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी, पुल-अप्स, पाय उचलून लटकणं या साध्या चाचण्या तीन-तीन महिन्यांनी घ्या आणि मुलाचे आकडे फक्त त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पहा. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वाढीत दोन-दोन वर्षांचा फरक असू शकतो.

वजनाबद्दल एकच गोष्ट, आणि ती मी ठामपणे सांगतो. "जरा हलकी झाली तर वर जाईल," असं कुणीही, प्रशिक्षकानेसुद्धा, मुलीसमोर बोलू नये. लीडमध्ये हा मोह सर्वांत जास्त असतो. कमी खाऊन जास्त सराव केला की पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय पातळीवरही या कारणाने खेळाडूंच्या आरोग्य तपासणीचे नियम कडक झाले आहेत. भाकरी, भात, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे पोटभर मिळायला हवेत, आणि सरावाआधी उपाशी राहणं बंद.

आपल्याकडे आणखी एक व्यवहार पाहावा लागतो. नवी मुंबईने २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला आणि मुंबई-पुण्यात बोल्डरिंगची गोडी रुजलेली आहे. स्पीडसाठी मात्र प्रमाणित १५ मीटरची भिंत आणि वेळ मोजणारी यंत्रणा लागते. ती आठवड्यातून तीनदा गाठता येत नसेल तर स्पीड मुख्य प्रकार म्हणून निवडू नका, मुलाची उडी कितीही चांगली असली तरी.

एका प्रकारात लवकर अडकल्याशिवायही मोठं होता येतं. जपानचा सोरातो आनराकू २०२३ मध्ये, सोळाव्या वर्षी, बोल्डरिंग आणि लीड या दोन्ही विश्वचषक मालिकांचा एकाच हंगामात विजेता ठरला. तेव्हा प्रशिक्षकाला आज उत्तर द्यायचं असेल तर असं द्या: आठवड्याचे दोन दिवस लीड, एक दिवस बोल्डरिंग, भिंत जवळ असेल तर महिन्यातून एखादा दिवस स्पीड. आणि सोळा पूर्ण झाल्यावर, वहीतली उंची स्थिरावली की, पुन्हा बसून ठरवू.