वर्कबेंचचा सांगाडा: रॅकचा अँगल की वेल्डिंगची चौकट?

गॅरेजमधला जुना बेंच काढून नवा करायचा म्हटलं की सांगाड्याचे दोन पर्याय समोर येतात. दुकानातल्या रॅकला लागतो तो खाचांचा अँगल, नट-बोल्टने जोडलेला. नाहीतर ४० बाय ४० मिमी स्क्वेअर पाईपची वेल्डिंग केलेली चौकट. वर दोन्हीकडे १८ मिमी प्लायचे दोन थर, त्यामुळे फळीचा वाद नाही.

अँगलच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. वेल्डर शोधावा लागत नाही, दोन पाने आणि एक दुपार पुरते. घर बदललं तर सुटा होऊन टेम्पोत चढतो. सोसायटीच्या पार्किंगमधून कधी हलवायला लागेल याचा नेम नसेल, तर ही सोय मोठीच. पेंटचे डबे, जुनी बॅटरी, टूलबॉक्स, सगळं निमूट पेलतो.

गोम व्हाइस (काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) बसवल्यावर कळते. वरून येणारं वजन वेगळं आणि आडवा धक्का वेगळा. कानस मारताना, हॅक्सॉ ओढताना जोर पुढे-मागे लागतो. अँगलच्या खाचा बोल्टपेक्षा लांब, म्हणजे जोड टिकतो तो फक्त आवळण्यावर. आवळ जरा सैल झाली की बोल्ट खाचेत सरकतो आणि बेंच करवतीबरोबर झुलू लागतो. पातं तिरकं होऊन अडकतं, कधी तडकन तुटतं. कानस कापायची सोडून थरथरते आणि पट्टीवर बारीक लाटा उमटतात. मग चार दिवसांनी पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळायचे. माझ्यापुरता निकाल याच एका कटकटीने वेल्डिंगच्या चौकटीच्या बाजूने लावला.

यावर उपाय नाही असं नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), प्रत्येक कोपऱ्याला तिकोनी प्लेट, मागे आणि दोन्ही बाजूंना २५ बाय ३ मिमी पट्टीची फुली, शिवाय मागचा अँगल १० मिमीच्या अँकर फास्टनरने भिंतीला. झोका बराच कमी होतो. पण एवढं करून सुटा करायची सोय आणि स्वस्ताई कितपत उरते, हे ज्याने त्याने पाहावं.

पाच बाय दोन फुटांच्या बेंचसाठी वेल्डिंगची चौकट १४५० बाय ५५० मिमी ठेवावी. प्लाय पुढे पाच-सहा सेंटीमीटर बाहेर राहते आणि क्लॅम्प लावायला जागा मिळते. पाईपच्या पत्र्याची जाडी २ मिमी घ्यावी. वीस फुटी दोन नळ्यांत काम होतं: १४५० चे दोन, पाय ७८० चे चार, खालचा मागचा आडवा १३७० चा आणि ४७० चे पाच. हे ४७० विसरून ५५० चे तुकडे कापणं ही नेहमीची चूक. लांब नळ्यांच्या मध्ये ते बसवले की चौकट ६३० ची होते आणि प्लाय अपुरी पडते.

वेल्डरला आधी फक्त टाके (कोपऱ्यांवर छोटे ठिपक्यासारखे वेल्ड) मारायला सांगा, मग दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन मिमीच्या आत आला की पूर्ण वेल्डिंग, तेही आलटून-पालटून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं की चौकट पिळवटते आणि एक पाय अधांतरी राहतो. गॅरेजच्या कोब्याला पाण्यासाठी उतार असतोच, म्हणून पायांच्या तळाशी प्लेट आणि १२ मिमीचा नट वेल्ड करून बोल्ट फिरवत लेव्हल करता येते. नळीची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज धरतो. बाहेरून रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट.

एका आठ बाय चार शीटमधून पाच बाय दोनचे दोन तुकडे निघतात. कोकणात किंवा दमट गॅरेजात आयएस ७१० ची, म्हणजे पाणी सोसणारी मरीन प्लाय घ्यावी. खालचा थर स्क्रूने चौकटीला, वरचा थर खालून ३० मिमी स्क्रूने, फेव्हिकॉल न लावता. वरची बाजू चिरून, जळून खराब झाली की उलटी करता येते. व्हाइस पुढच्या पायालगत, आरपार बोल्टने. मधोमध बसवला तर हातोडीसरशी फळी उसळते.

शीटमधले उरलेले तीन बाय दोनचे दोन तुकडे भिंतीसाठी. त्यांच्या पट्ट्या, कड ४५ अंशांत तिरपी राहील अशा चिरून, भिंतीला ठोकल्या की त्यांवर हूक, डबे, पान्यांचं रॅक हवं तिथे सरकवता येतं. भोकांचा एमडीएफ बोर्ड दिसायला नेटका, पण ओल लागली की फुगतो आणि हातोडी काढताना तिच्याबरोबर हूकही हातात येतो.

भाड्याच्या घरात असाल आणि कामं ड्रिल-स्क्रूपलीकडे जात नसतील, तर अँगल घ्यायला हरकत नाही. फक्त त्यावर चार इंचांपेक्षा मोठा व्हाइस बसवू नका.