राळेगणसिद्धीचा अभ्यास दौरा: बंधारे दाखवले, ग्रामसभा राहून गेली

आमच्या ग्रामपंचायतीचे 9 सदस्य आणि गावातील काही मंडळी अशा 26 जणांनी गेल्या हिवाळ्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या जलसंधारणासाठी ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यातील दोन गावांचा एकदिवसीय अभ्यास दौरा केला. माणशी 1100 रुपये शुल्कात बस, नाश्ता, जेवण आणि मार्गदर्शक अशी सोय होती. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण या दौऱ्यांचा साचा सगळीकडे साधारण असाच असतो, असे आधी जाऊन आलेल्यांकडून ऐकले आहे.

बस वेळेवर सुटली आणि जेवण चांगले होते. त्याबद्दल तक्रार नाही. पुणे-नगर रस्त्यावरून वाडेगव्हाणला वळून आम्ही राळेगणला पोहोचलो आणि मार्गदर्शकाने थेट पाझर तलाव गाठला. वर्षाला जेमतेम 400 ते 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पारनेर तालुक्यात पाणी अडवणे म्हणजे काय, हे तेथे उभे राहिल्यावर लगेच कळते. पूर्वी येथील तलावाच्या भरावातून पाणी निसटून जात असे. गावाने श्रमदानाने तो दुरुस्त केला, तेव्हा खालच्या अंगाच्या 7 विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिले. आमच्यातील एक निवृत्त सुभेदार सांडव्याच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ दगडी पिचिंग, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले दगडी अस्तर, हाताने चाचपत होते. मार्गदर्शक मात्र तेवढ्यात पुढच्या ठिकाणासाठी शिट्टी वाजवू लागला.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. हे सुभेदार पुढील पंचायत निवडणूक लढवण्याच्या विचारात आहेत आणि ते आले होते ते बंधारे पाहायला नव्हे, तर एक माजी सैनिक गाव कसे चालवू शकतो हे समजून घ्यायला. 1965 च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात आपले सोबती गमावलेले लष्करी वाहनचालक अण्णा हजारे 1975 साली निवृत्त होऊन राळेगण या आपल्या गावी परतले, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी यादवबाबा मंदिराची डागडुजी केली आणि त्याच मंदिरात मुक्काम ठेवला. सरपंचाच्या खुर्चीत न बसता केवळ शब्दाच्या वजनावर त्यांनी नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाकडून पाळून घेतली. दारू पिणाऱ्यांना मंदिराच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारल्याचेही त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ही गोष्ट मला आजही खटकते. शिस्त कोठे संपते आणि दंडेली कोठे सुरू होते, हा प्रश्न पंचायत चालवणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकापुढे येणारच, म्हणून दौऱ्यात त्यावर तासभर चर्चा व्हायला हवी होती. मार्गदर्शकाने हा विषय 5 मिनिटांत आटोपला आणि तोही केवळ गौरवाच्या सुरात.

ग्रामसभेबद्दल तर जवळजवळ काहीच सांगितले नाही. गावाच्या पैशाचा हिशेब गावापुढे मांडला गेला पाहिजे, हा अण्णांचा आग्रह पुढे राज्याच्या माहिती अधिकाराच्या आंदोलनापर्यंत गेला आणि 2002 साली महाराष्ट्रात तसा कायदा झाला. आमच्या गावात 26 जानेवारीची ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि नंतर इतिवृत्ताची वही घरोघर सह्यांसाठी फिरते. राळेगणमध्ये ठराव कसा मांडला जातो, विरोध करणाऱ्याला बोलू दिले जाते का, बायका सभेला येतात का, हे विचारायला आमच्याकडे प्रश्नांची यादी तयार होती. ती खिशातच राहिली.

दुपारनंतर हिवरे बाजारला केवळ दीड तास मिळाला. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाल्यापासून ज्या गावाच्या कारभाराशी जोडलेले आहेत, ते गाव एवढ्या वेळात उरकणे हा गावावरही अन्याय आहे. दोन गावे एका दिवसात बसवण्याचा अट्टाहास आयोजकांनी सोडावा, एका गावी मुक्काम ठेवावा आणि संध्याकाळी जुन्या पंचायत सदस्यांशी बसून बोलण्याची वेळ ठेवावी. त्यासाठी 500 रुपये जास्त द्यायलाही आमची तयारी आहे.

पंचायतीच्या नव्या सदस्यांनी केवळ जलसंधारणाची कामे पाहण्यासाठी हा दौरा जरूर करावा. आम्ही 6 जण मात्र उन्हाळ्यात पुन्हा राळेगणला जाणार आहोत, या वेळी एसटीने, आणि आमची इतिवृत्ताची वही सोबत घ्यायला सुभेदारांनी आत्ताच बजावले आहे.