नमुना खरा, माल खोटा : सरावाच्या तलवारींपायी गेलेले ५०,४८० रुपये

एका विक्रेत्याने माझ्याकडून ५०,४८० रुपये उकळले, आणि ते मी स्वतःच्या बोटाने, चार हप्त्यांत, कोणाच्याही दडपणाविना पाठवले. हे लिहायला मला चार महिने लागले, कारण मी बत्तीस वर्षे इतरांची बिले आणि व्हाउचरे तपासण्याची नोकरी केली आहे, आणि ज्या चुकीबद्दल मी कनिष्ठांना खडसावत असे तीच चूक माझ्याकडून घडली. अशा फसवणुकीची पद्धत सर्वांना ठाऊक असते, मलाही होती.

पुण्यातील एका शाळेच्या सभागृहात दर रविवारी मी आणि चौदा विद्यार्थी जपानी तलवारविद्येचा जुन्या पद्धतीचा सराव करतो. जोडीच्या सरावात नवशिक्याच्या हाती लाकडी तलवार, म्हणजे बोक्केन, देताना समोरच्याच्या बोटांची काळजी वाटते. केन्दो या जपानी तलवारखेळातील शिनाई, म्हणजे सरावाची तलवार, बांबूच्या चार पट्ट्यांची असते, परंतु तिचा मारा शिरस्त्राण आणि चिलखत घातलेल्यावर करायचा असतो. आम्हाला हवी होती ती फुकुरो-शिनाई. एका टोकाकडून चिरत नेलेला बांबू, मुठीकडे अखंड, पुढे चार, मग आठ, मग टोकाशी सोळा चिरा, आणि त्यावर चामड्याची लांब पिशवी. सोळाव्या शतकात शिनकागे-र्यू हा तलवारविद्येचा पंथ स्थापन करणाऱ्या कामिइझुमी नोबुत्सुना याच्या नावाशी ती जोडली जाते. त्या पंथात या चामड्याला ‘हिकिहादा’ म्हणतात, कारण लाखेचा थर दिल्यावर ते भेकाच्या पाठीसारखे सुरकुतते. अशा शिनाईचा फटका लागतो, वळ उठतो, पण हाड मोडत नाही.

जपानहून मागवावी तर वाहतूक आणि शुल्क धरून किंमत आवाक्याबाहेर जात होती. म्हणून आपल्याकडेच बनवून देणारा कोणी सापडतो का, हे शोधताना हा विक्रेता भेटला. त्याने आधी नमुना घेण्याचा आग्रह धरला, आणि कोणत्याही ठगाच्या तोंडी न शोभणारा हा आग्रहच मला भावला. २,६०० रुपयांत आलेला नमुना अप्रतिम होता. तळहातावर आपटला की आतल्या चिरा एकमेकींवर आपटून ‘फटर्र’ असा कोरडा आवाज येई. मुठीकडचे चामडे किंचित काळपट आणि गुळगुळीत होते. ते उत्तम घोटाईमुळे आहे, असे मी सर्वांना कौतुकाने सांगितले. ती झिलई कुणाच्या तरी घामेजल्या हाताची होती आणि ती वापरलेली, बहुधा बाहेरून आणलेली, जुनी वस्तू होती, हे आज मला लख्ख दिसते.

तो जाणकार वाटला, असे माझ्या बचावासाठी मी म्हणू शकतो. परंतु आमचे संदेश पुन्हा वाचले तेव्हा दिसले की ‘मादाके’ हा बांबूचा प्रकार पहिल्यांदा मी लिहिला होता, ‘चिरा सोळाच आहेत ना’ हे मी विचारले होते, आणि ‘बोक्केन पांढऱ्या ओकचे की तांबड्या’ हेही मीच. त्याने प्रत्येक वेळी माझेच शब्द ‘होय सर, तेच’ म्हणून परत केले. विक्रेत्याला प्रश्न विचारताना त्यात उत्तर घालून देऊ नका. ‘बांबू कोणता वापरता आणि किती महिने वाळवता’ एवढेच विचारा आणि गप्प बसा.

मागणी नोंदवली ती बारा फुकुरो-शिनाई, प्रत्येकी २,४५० रुपये, आणि सहा बोक्केन, प्रत्येकी १,८५० रुपये, अशी एकूण ४०,५०० रुपयांची. निम्मे, म्हणजे २०,२५० रुपये, आगाऊ दिले. तीन आठवड्यांनी ‘ओकचे लाकूड बंदरात अडकले आहे’ म्हणून सीमाशुल्कापोटी ७,३८० रुपये मागितले आणि मी तेही दिले, एका महिलेच्या वैयक्तिक खात्यावर. सरकारचे सीमाशुल्क कुणाच्या घरच्या खात्यात जमा होत नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. पण वीस हजार आधीच अडकले असताना सात हजारांसाठी सगळे मोडायचे का, असा हिशेब मन करू लागते.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही, तो सांगतो. उरलेले २०,२५० रुपये पाठवण्यापूर्वी त्याने कुरिअरच्या पावतीचे छायाचित्र धाडले. मी ते मोठे करून पाहिले. तारीख पाहिली, शिक्का पाहिला, माझ्या नावातील वेलांटी बरोबर आहे का तेही पाहिले. पावतीवर वजन लिहिले होते ४.१५० किलो. नमुना आला त्याच दिवशी मी तो स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून ३८५ ग्रॅम ही नोंद वहीत केली होती. बारा गुणिले ३८५ म्हणजे ४ किलो ६२० ग्रॅम. नुसत्या बारा शिनाईच त्या पावतीपेक्षा जड भरायला हव्या होत्या; प्रत्येकी अर्ध्या किलोच्या वरचे सहा बोक्केन आणि खोके तर वेगळेच. वही टेबलावर होती, पावती हातात होती, आणि गुणाकार तिसरीतल्या मुलाला जमेल असा होता. मी पैसे पाठवले आणि ‘धन्यवाद’ असेही लिहिले.

खोके उघडले तेव्हा प्रथम वास आला तो गोंदाचा, चामड्याचा नाहीच. एक शिनाई तळहातावर आपटली तर ‘धप्’ असा मुका आवाज आला. वरचे आवरण रेक्झिनचे होते, शिवणीऐवजी चिकटवलेले. वाळूच्या पोत्यावर तिसऱ्याच फटक्याला ती मधोमध मोडली आणि रेक्झिन फाडून पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा टोकदार तुकडा बाहेर आला. आमचा सर्वांत लहान विद्यार्थी, वय चौदा, तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पैशांपेक्षा ते दृश्य मला अधिक छळते. पाण्याच्या पाइपवर फोम गुंडाळून घरी सरावाचे हत्यार करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की पीव्हीसी मोडताना चाकूसारखी धार सोडते. चिरलेला बांबू पिशवीत मोडला तर तुकडे निदान पिशवीतच राहतात. चामड्याचे काम तेच आहे.

बोक्केनची तऱ्हा वेगळी. ओल्या फडक्याने पुसताच तांबूस रंग फडक्यावर उतरला आणि लाकडात नख सहज रुतले. त्याहून वाईट म्हणजे लाकडाच्या रेषा लांबीला समांतर न जाता तिरक्या बाहेर पडत होत्या. असे लाकूड आघाताने आडवे मोडत नाही, लांब अणकुचीदार ढलपी काढून मोडते, आणि ती ढलपी जोडीदाराच्या तोंडाच्या दिशेने जाते. बोक्केन घेताना रंग किंवा पॉलिश न केलेलाच घ्या आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी रेषा मुठीपासून टोकापर्यंत डोळ्यांनी चालून पाहा.

विक्रेत्याचा दूरध्वनी बंद झाल्यावर मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. पलीकडून विचारले, ‘माल मिळाला ना?’ मिळाला म्हटल्यावर ही सायबर फसवणूक नसून खरेदीविक्रीचा वाद आहे, असे सांगण्यात आले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे. पोलीस ठाण्यात मी सर्व कागद क्रमांक लावून नेले होते. तेथील अंमलदारांनी ‘तलवार’ हा शब्द ऐकताच माझी तक्रार बाजूला ठेवून मलाच विचारले, ‘काका, तलवारी कशाला मागवल्या? परवाना आहे का?’ त्या बांबूच्या आणि लाकडाच्या असतात, शिवाय त्या खोट्याही निघाल्या, हे समजावण्यात पाऊण तास गेला. नमुना एक दाखवून माल दुसराच देणे ही फसवणूकच आहे आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) त्यासाठीच आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ‘एवढे कलम माहीत आहे तर पैसे कसे दिले?’ असे उत्तर मिळाले. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, हे त्यांनाही दिसले असावे. तीन खेपांनंतर मला साध्या अर्जाची पोच मिळाली, गुन्ह्याची नोंद नाही. ग्राहक मदतवाहिनीने, १९१५ ने, तक्रार घेतली आणि विक्रेता प्रतिसाद देत नाही या कारणाने बंद केली. तो प्रतिसाद देत नाही हीच तर माझी तक्रार होती! जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तेथूनच दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही, हे खरे आहे. परंतु नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो. तो शोधण्यासाठी बिलावरचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर भरला, तर तो स्वीकारलाच जाईना. मोजून पाहिले. पंधराऐवजी चौदाच अक्षरे होती. बत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने हे बिल दीड महिना फाइलला लावून ठेवले होते.

त्या रकमेपैकी ३१,५०० रुपये विद्यार्थ्यांच्या वर्गणीचे, प्रत्येकी २,२५० रुपये, होते. ते मी त्यांना परत केले. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर एकाच नगाची द्या. दुसरा नमुना पहिल्याची आठवण विझायच्या आत मागवा. पार्सल उघडताना चित्रीकरण करा, कारण ते नसल्यामुळे ‘खोक्यात हेच होते कशावरून’ हा प्रश्न मला तीन ठिकाणी विचारला गेला.

मोडलेली एक सोडून उरलेल्या अकरा शिनाई आणि सहा बोक्केन माझ्या माळ्यावर आहेत. पुरावा म्हणून जमा करून घ्या, अशी विनंती मी पोलीस ठाण्यात केली होती. गुन्हाच नोंदलेला नसल्यामुळे मुद्देमाल घेता येत नाही, असे मला सांगण्यात आले, आणि जाताना रिक्षात त्या उघड्या ठेवू नका, लोक घाबरतात, अशी समजही देण्यात आली.