कुत्र्याचे ठोके मंदावलेत: गोळ्या की पेसमेकर?

दाराकडे धावताना कुत्रा मधेच लुळा पडतो आणि काही सेकंदांत उठून शेपटी हलवायला लागतो, तेव्हा आधी ईसीजी काढून घ्या. बॉक्सर किंवा डॉबरमन बहुतेकदा ठोके अतिवेगाने पडल्यामुळे कोसळतो. तिथे साध्या पेसमेकरचा उपयोग नाही, सोटॅलॉलसारखी औषधं लागतात. पेसमेकर आहे तो मंद ठोक्यांसाठी.

ठोके मंद निघाले तरी लगेच शस्त्रक्रियेला धावू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलंय का, ते पाहा. अंगणातली पिवळी कण्हेर चघळली असेल किंवा घरातल्या कुणाची रक्तदाबाची गोळी गिळली असेल, तरी हृदय असंच मंदावतं. गोव्यात गोचीडतापाची तपासणीही हवीच: त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरतात, आणि तशा अवस्थेत चिरफाड धोक्याची.

ही कारणं नसतील तर अ‍ॅट्रोपिन चाचणी. ठोके वाढवणारं हे औषध दर किलोला 0.04 मिलिग्रॅम स्नायूत टोचून अर्ध्या तासाने पुन्हा ईसीजी काढतात. ठोके मिनिटाला 140च्या वर गेले, तर गोळ्या करून पाहण्यात अर्थ आहे. दीर्घकाळ विरघळणारं थिओफिलिन दर किलोला 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. ती गोळी कुटून देऊ नये. सोबत एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू झालं, तर रक्तातलं थिओफिलिन वाढून उलट्या आणि बेचैनी सुरू होते. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर चालू औषधं आवर्जून सांगा.

पूर्ण हृदयरोध असेल, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विद्युत इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही, ठोके मिनिटाला 30-50 वर अडकलेत आणि चाचणीनेही हलत नाहीत, तर गोळ्या फार तर शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस काढायला. या कुत्र्यांचं हृदय कधीही अचानक थांबू शकतं. वय झालंय एवढ्यावरून पेसमेकर नाकारू नये. आधी हृदयाची सोनोग्राफी मात्र करा, कारण स्नायूच निकामी होत आला असेल तर ठोके सुधारूनही फायदा थोडा.

मानेतल्या शिरेतून तार हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात आणि यंत्र मानेच्या कातडीखाली बसवतात. फार लहान कुत्र्यात तार पोटाकडून हृदयाच्या बाहेरच्या बाजूला लावतात. तार सरकते ती बहुधा सुरुवातीच्या दिवसांत, कारण टोकाभोवती ऊतक अजून धरलेलं नसतं. म्हणून चार ते सहा आठवडे उड्या नाहीत, जिने नाहीत. गळपट्टा कायमचा बंद, छातीचा हार्नेस वापरा. मानेच्या शिरेतून रक्तही काढू देऊ नका. यंत्राभोवती पाणी साचून फुगलं, तर सुई घालून उपसायचं नाही, सुईवाटे जंतू आत जातात. पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणं हे मोठं काम, त्यामुळे थांबता येण्यासारखं असेल तर पाऊस सरू द्या. पूर्ण हृदयरोधात ती सवड नसते.

बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं टिकते. यंत्र बहुधा माणसांसाठी बनवलेलंच असतं आणि प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासायचं आणि जुळवायचं उपकरण, वेगळा. मुंबई-पुण्याला नेऊन बसवणार असाल, तर कंपनी ठरण्याआधीच विचारा: तिचा प्रोग्रामर पणजी-मडगावात कुणाकडे आहे, आणि ती व्यक्ती कुत्र्याची तपासणी करून देईल का? नाहीतर पहिल्या वर्षातल्या दर तपासणीला घाट चढावा लागेल.