थर्मल कॅमेऱ्यातलं लाल छप्पर

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ज्यांनी जुनी टेरेस घरं (एकमेकांना चिकटून रांगेत असलेली) घेतलीयत, त्यांच्यासाठी लिहितेय. थर्मल कॅमेरा दाखवून छपराला फोम मारायला लावणारी माणसं अजून दारोदार फिरतायत.

ऑक्टोबरमधली दुपार, तीन-साडेतीनची वेळ, लख्ख ऊन. दारात एक गोडबोल्या माणूस, हातात तापमान रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा. "सरकारी योजनेतली मोफत तपासणी" म्हणाला. रस्त्यावर उभं राहून त्याने आमच्या छपराचा फोटो दाखवला: भडक लाल. समोरच्या घरांचं छप्पर निळंशार. "त्यांनी फोम मारून घेतलाय, तुमची उष्णता वरून चाललीय." दोनच दिवसांत माळ्यावर स्लेटच्या (छपरावरच्या पातळ दगडी फरश्यांच्या) आतल्या बाजूला स्प्रे फोम, म्हणजे उष्णता अडवणारा फवारायचा फेस, मारून झाला. ३,८०० पौंड.

गोम अशी, की रस्त्यावरून आमच्या छपराचा पश्चिमेकडचा उतार दिसतो आणि समोरच्यांचा पूर्वेकडचा. दुपारी आमची स्लेट तापणार, त्यांची सावलीत असणार! कॅमेरा फक्त पृष्ठभागाचं तापमान टिपतो. ते घरातल्या उष्णतेने वाढलंय की उन्हाने, हे त्याला काय ठाऊक? शिवाय लाल म्हणजे अमुक इतके अंश असं काही नसतं. चौकटीत जे सर्वांत गरम, त्याला तो लाल रंग देतो. फोटोच्या कडेला आकड्यांची पट्टी असते, ती बघा. फरक चार-पाच अंशांचा असला तरी आग लागल्यासारखं दिसतं. आणि कहर म्हणजे, त्या दिवशी आमचं हीटिंग बंदच होतं.

खरी तपासणी थंडीत होते, ऊन उतरून काही तास झाल्यावर किंवा पहाटे. घर आतून तापलेलं हवं, आत-बाहेर साधारण दहा अंशांचा तरी फरक हवा, भिंती कोरड्या हव्यात.

खरा दणका रीमॉर्गेजच्या वेळी, म्हणजे घराचं कर्ज नव्याने काढताना, बसला. कर्जासाठी घर तपासायला आलेल्या सर्व्हेयरने माळ्यावर टॉर्च मारली आणि लगेच खाली उतरला. फोमखाली वासे दिसत नाहीत, हवा खेळत नाही, ओल धरून लाकूड कुजू शकतं. म्हणून बऱ्याच बँका अशा घरावर कर्ज देत नाहीत. फोम काढायचा खर्च मारण्यापेक्षा जास्त निघाला. गॅरंटी देणारी कंपनी तोवर गायब.

दारात केलेला करार इथे १४ दिवसांत रद्द करता येतो. पण "काम लगेच सुरू करा" असं त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं, आणि तसं लिहून दिल्यावर काम पुरं झालं की तो हक्क उरत नाही. दोन दिवसांची घाई त्यासाठीच. डिपॉझिट तेवढं क्रेडिट कार्डाने दिलं होतं. १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातल्या (Consumer Credit Act) कलम ७५ खाली कार्डवाली बँकही जबाबदार धरता येते, म्हणून तिच्याकडे दावा लावलाय.