लॅमिंग्टन रोडचे काका आणि आमच्या बोटीचा मेलेला लॉग

दुकानाला पाटी नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पत्त्यातल्या डॉ. भडकमकर मार्गावर, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढून जायचं. दारावर खडूने लिहिलंय, ‘बेल वाजत नाही, हाक मारा’. दुरुस्तीच्या दुकानाची बेल बंद बघून मी खरं तर जिन्यातूनच परत फिरणार होते. पण हातातल्या पिशवीचं ओझं आणि तीन मजले चढल्याचा राग, दोन्हींमुळे हाक मारली.

पिशवीत होता आमच्या बोटीचा लॉग. आम्ही चौघांनी मिळून एक २६ फुटी, फायबरची, १९८०च्या दशकातली शिडाची बोट घेतलीय. अपोलो बंदरासमोर मुरिंगवर (पाण्यातच, तळाशी पक्क्या बांधलेल्या दोराला) असते, पावसाळ्याआधी वर काढतो. लॉग म्हणजे बोटीचा पाण्यातला वेग दाखवणारं यंत्र. बोटीच्या पोटात दोन इंची भोक, त्यातून खाली डोकावणारं बोटभर रुंदीचं पंख्याचं चाक, पंख्यात लोहचुंबक. पाणी सरकलं की चाक फिरतं, आतला हॉल सेन्सर चुंबक मोजतो आणि कॉकपिटमधल्या डब्यावर नॉट उमटतात. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर. आमच्या डब्यावर दिवाळीपासून ०.० उमटत होतं. वारा मस्त, शिडं तट्ट फुगलेली, बोट पार कलंडलेली, आणि वेग शून्य!

चाक अडकलं असणार हे कोणीही सांगेल. मुंबईच्या पाण्यात बोट पंधरा दिवस उभी राहिली तरी बुडाला बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचवाले समुद्री जीव) धरतात. मी चाक आतून ओढून काढलं, पाण्याचं कारंजं उडालं, भोकात डमी बूच कोंबेपर्यंत अर्धी बादली पाणी आत. पंख्याच्या प्रत्येक पात्यामागे खडे. मी दाताची डॉक्टर आहे. दवाखान्यातलं किटण काढायचं जुनं हत्यार घेऊन बसले आणि वीस मिनिटांत चाक चकचकीत केलं. फुंकर मारली की गरगर फिरायचं. परत बसवलं. ०.०.

मग एका अधिकृत विक्रेत्याला विचारलं (नाव लिहीत नाही). फोटो बघूनच त्यांनी सांगितलं, हे मॉडेल बंद झालंय, पूर्ण संच बदला, ८५,००० होतील. कशात बिघाड आहे, असं विचारल्यावर ‘जुनं झालंय मॅडम’ एवढंच उत्तर. माझ्याकडे सत्तर वर्षांचा पेशंट दाढ दुखते म्हणून आला तर मी त्याला कवळीच लावून देऊ का?

तर काका. सत्तरीच्या पुढचे, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, चहू बाजूंनी ॲम्प्लिफायर आणि हार्मोनियमएवढे जुने रेडिओ. बोटीचं काही कळत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. “मी बोटीत बसलो तो घारापुरीच्या लाँचमध्ये. तेही उलट्या करत.” मी डबा आणि चाक टेबलावर ठेवलं. चाकाची तार बोटीतच दूरवर गेलेली, म्हणून मी चाकाजवळ हातभर ठेवून ती कापून आणली होती. त्यावर पहिला ओरडा खाल्ला. “कापायच्या आधी रंगांचा फोटो काढलात?” काढला होता. मग चहा मिळाला.

पुढची पंधरा मिनिटं या परीक्षणातले पाचही तारे मिळवतात. काकांनी चाकाला हातच लावला नाही. डब्याला १२ व्होल्ट दिले आणि सिग्नलची हिरवी तार ग्राउंडच्या (अर्थच्या) उघड्या तारेला टकटक टेकवायला लागले. शून्याच्या जागी आकडे उड्या मारायला लागले, २.३, ४.१, १.७. “डोकं शाबूत आहे,” ते म्हणाले. डबा चाकाला जे ५ व्होल्ट पुरवतो तेही मोजले, बरोबर. मग चाक जोडून, मीटर हिरव्या तारेवर ठेवून, नखाने पंखा हळू हळू फिरवला. मीटरवर पाचाच्या आसपास, मग जवळजवळ शून्य, परत पाच. “हातही शाबूत.” शेवटी रेडिओतली धूळ उडवायचा ब्लोअर चाकावर धरला, आणि आमच्या त्या ‘जुनं झालंय’ डब्याने लॅमिंग्टन रोडच्या तिसऱ्या मजल्यावर ११.४ नॉट दाखवले. बोटीने आयुष्यात कधी गाठला नसेल असा वेग!

“मग आता उरलं काय? मधली नस. ती तुमच्या बोटीत. जाऊन बघा, कोणीतरी मध्ये जोड दिलेला असणार.”

होता. पाण्याच्या टाकीच्या मागे, बिल्जच्या (बोटीच्या पोटातला सगळ्यात खालचा, पाणी साचणारा भाग) अगदी तळाशी, आधीच्या मालकाने तारा पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोलली तर आत हिरवट ओलसर पूड. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की जो कळंक चढतो, अगदी तोच. लाल तार ओढली तर हातात आली. खारं पाणी तारेच्या आवरणाखालून केशवाहिनीसारखं वर चढलेलं. चार बोटं कापलं तरी तांबं काळंच, वीतभर कापल्यावर कुठे लाल तांबं दिसलं.

काकांनी बरोबर दिलेल्या पुडीत दाबून बसवायचे जोड होते आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी. फोनवरून बजावलं, “सोल्डर करत बसू नका, बोट हलते, तार सोल्डरच्या कडेला तुटते. नळी आधी तारेत ओवा, नाहीतर नंतर रडाल.” मी रडलेच, कारण पहिल्या जोडाला विसरले. लायटरने नळी आवळली, कडेने गोंद बाहेर आला, आणि सगळे जोड बिल्जच्या बाहेर, लाकडी फळीच्या वरच्या अंगाला बांधले.

त्या दिवशी उधाणाची ओहोटी होती. बोट मुरिंगला बांधलेली, डबा चालू केला आणि आकडा १.८. उरणचा आमचा बोटवाला म्हणाला, “डाक्टरीणबाय, आता उभी बोट पन पलते व्हय?” त्याला सांगितलं, लॉगला जमीन कळत नाही, फक्त पाणी कळतं. बोट उभी असली तरी पाणी खालून पळतंय. जीपीएस शून्य दाखवतो आणि दोघंही खरं बोलतात. हा फरक बघायला मिळावा म्हणूनच मला लॉग हवा होता, नाहीतर फोनवरचा जीपीएस होताच की.

मात्र आकडा कमी वाटत होता. म्हणून भांगेच्या दिवशी, पाण्याला ओढ कमी असताना, इंजिन एकाच वेगावर ठेवून एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा उलट गेलो. जीपीएस ५.९ आणि ४.३, सरासरी ५.१. लॉग दोन्ही वेळा ४.२. म्हणजे डब्यातला गुणक (मोजलेल्या वेगाला डबा ज्याने गुणतो तो आकडा) १.०० होता तो १.२१ केला. बुडाला शेवाळ असलं की पाण्याचा जाडसर थर बोटीला चिकटून तिच्याबरोबरच चालतो आणि चाकाला वेग कमीच कळतो, त्यामुळे बूड घासल्यावर हा गुणक परत बघावा लागेल.

आता तक्रारी. बिल मिळत नाही. मंगळवारी बंद, आणि इतर दिवशीही काका जेवून डुलकी काढतात तेव्हा हाक मारून उपयोग नाही. बोटीवर येत नाहीत, कितीही पैसे द्या. बोलतात फार, विविध भारतीचं कुठलं ट्रान्समीटर कधी बिघडलं हे मला आता पाठ झालंय. पैसे किती घेतले? तपासणी आणि पुडी मिळून ६५०.

आणि एक गोष्ट राहिलीच. त्याच चाकात पाण्याचं तापमान मोजायचाही सेन्सर आहे. त्याच्या पांढऱ्या आणि तपकिरी तारा कळंक कापता कापता इतक्या आखूड झाल्या की जोड बसेना, त्यामुळे तापमानाच्या जागी नुसत्या तीन रेघा दिसतात. काकांना फोन केला तर म्हणाले, “पाण्यात हात घालून बघा की.”